‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ : एका दत्तक मुलीचा एकल प्रयोग आणि संमतीचा प्रश्न

हे प्रकरण पुण्यातल्या एका प्रायोगिक नाटकाच्या तालमीतलं आहे. नाटक एकल, करणारी अभिनेत्री दत्तक मुलगी आणि विषय तिचं स्वतःचं दत्तक जाणं. दत्तक कुटुंबांसोबत काम करणारी समुपदेशक म्हणून मला संहितेच्या पहिल्या वाचनानंतर बोलावलं. अभिनेत्री आणि तिचे आईवडील यांनी हे लिहायला होकार दिला आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत, नाटकाचं नावही त्यातच आलं. दत्तकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना नाटकवाल्यांच्या अडचणी ठाऊक नसतात आणि नाटकवाल्यांना आमच्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

पार्श्वभूमी

अभिनेत्री आता तिशीच्या अलीकडे आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, पाच महिन्यांची असताना ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेतून कोल्हापूरच्या घरी आली. वडील बँकेत होते, आई माध्यमिक शाळेत मराठी शिकवायची. त्या वेळी हिंदू जोडप्याचं दत्तक १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली होई आणि संस्थेतलं मूल द्यायचं तर न्यायालयाची पूर्वपरवानगी लागे. आता संस्थांमधली दत्तकं बाल न्याय कायद्याखाली, ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणामार्फत होतात आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. पण त्या काळच्या कुटुंबांकडे जशी असते तशी एक जाड फाईल यांच्याही कपाटात होती. न्यायालयाचा आदेश, गृहभेटीचा अहवाल, डॉक्टरांचे कागद, आणि आईनं संस्थेला पाठवलेल्या पाठपुराव्याच्या पत्रांच्या कार्बन प्रती. ‘बाळ आता धरून उभं राहतं’, ‘दोन दात आले’, अशी ती पत्रं.

घरात काही लपवलेलं नव्हतं. तीन-चार वर्षांची असल्यापासून मुलीला सगळं माहीत होतं. दरवर्षी ‘घरी आल्याचा दिवस’ साजरा होई. शेवयांची खीर होई आणि जेवणं झाली की आई गोष्ट सांगे: रात्रीची टॅक्सी, धो धो पाऊस, अख्ख्या वाटेत झोपलेलं बाळ, उंबरठ्यावर आजीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि नेमकी वीज गेली. आई हातवारे करून सांगे, बाबा मधेमधे ‘टॅक्सीवाल्याचं राहिलं’ म्हणत. म्हणजे या घरात एक एकपात्री प्रयोग दरवर्षी होतच होता. दत्तक मुलांबद्दल बोलताना आपण ‘स्वतःची ओळख शोधणं’ असं म्हणतो, तेव्हा ही गोष्ट आपल्या लक्षात राहत नाही. त्यांच्या ओळखीची पहिली संहिता आईवडिलांनी लिहिलेली असते आणि ती बऱ्यापैकी रंगलेली असते.

एकोणिसाव्या वर्षी पासपोर्टसाठी कागद काढताना तिनं फाईल पहिल्यांदा नीट वाचली. बाकी सगळीकडे काळी शाई फिरवलेली होती. एका जोडपत्रावर मात्र कोणाचं तरी दुर्लक्ष झालं होतं. तिथे जन्मदात्रीचं पहिलं नाव, वय आणि तालुका दिसत होता. तिनं ते पान परत जागेवर ठेवलं आणि अनेक वर्षं कोणालाच सांगितलं नाही.

नाटकाची कल्पना तिला बारशावरून सुचली, आणि ती फार चांगली कल्पना होती. आपल्याकडे बारशाला पाळण्याच्या दोन बाजूंना दोघी बसतात आणि ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याखालून एकमेकींच्या हाती देतात. काही घरांत आधी वरवंट्याला टोपरं घालून तो असा फिरवतात. मग आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते आणि बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. हिचं बारसं झालं ते पाच महिन्यांची असताना आणि तेव्हा तिला संस्थेनं ठेवलेलं एक नाव आधीपासूनच होतं.

आता १९५६ च्या कायद्याचं कलम ११ पाहा. दत्तक वैध ठरायचं तर मूल प्रत्यक्ष ‘दिलं आणि घेतलं’ गेलं पाहिजे असं ते म्हणतं. दत्तहोम झालाच पाहिजे असं नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. होम नको, पण देणं-घेणं हवं. अभिनेत्री मंचावर पाळणा बांधते, टोपरं घातलेला वरवंटा हातात घेते, कलम ११ पाठ म्हणते आणि ‘गोविंद घ्या’ म्हणत वरवंटा पाळण्याखालून पुढे करते. समोर घ्यायला कोणीच नसतं. वरवंटा जड असतो, हात थरथरायला लागतो. मग प्रेक्षकांतून कोणीतरी उठतं.

याच्या पुढचा प्रसंग कलम १२ चा. दत्तक दिल्या दिवसापासून मुलाचे जन्माच्या कुटुंबाशी सगळे संबंध तुटले असं कायदा मानतो; एक अपवाद असा की, जन्माच्या कुटुंबात राहिलं असतं तर ज्यांच्याशी लग्न करता आलं नसतं त्यांच्याशी दत्तक गेल्यावरही करता येत नाही. अभिनेत्री प्रेक्षकांकडे बघून विचारते, ‘ते कोण हे मला माहीत नाही. मग मी कायदा पाळायचा कसा?’ आणि पहिल्या रांगेतल्या तरुणांना त्यांचं मूळ गाव विचारत जाते. प्रेक्षक खदखदून हसतात आणि मग हळूहळू थांबतात.

अडचण

मला बोलावलं ते पहिल्या वाचनानंतर. दिग्दर्शकाला संहिता आवडली होती, पण ‘काहीतरी बोचतंय’ असं तो म्हणाला. वाचून मला तीन जागा दिसल्या.

पहिली जोडपत्राची. अभिनेत्री ते पान प्रोजेक्टरवर दाखवणार होती आणि जन्मदात्रीचं नाव, तालुका मोठ्यानं वाचणार होती. दुसरी, त्याला जोडून आलेलं जन्मदात्रीचं काल्पनिक स्वगत. ग्रामीण बोलीत, पदर तोंडाला लावून, साधारण दहा मिनिटांचं. तिसरी आईच्या पत्रांची. ती पत्रं नाटकाचा कणा होती आणि आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. मुलगी दत्तक या विषयावर नाटक करते आहे इतकंच घरी ठाऊक होतं.

अभिनेत्रीची बाजू लेचीपेची नव्हती. ती म्हणाली, ‘ताई, आयुष्यभर माझी गोष्ट दुसऱ्यांनी सांगितली. संस्थेनं अहवालात, कोर्टानं आदेशात, आईनं खिरीबरोबर. आता मी सांगते तर परवानग्या कसल्या?’ आणि पुढे असा मुद्दा काढला की मी गप्प झाले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे बाळंत झालेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला, तो यशवंत. ‘यशवंताच्या आईचं नाव आपण सगळे मानानं घेतो. मग माझ्या आईचं नाव घेतलं तर तिची बेअब्रू होते असं तुम्हीच का गृहीत धरता? बेअब्रू कसली, हे नाटक त्याच्याविरुद्धच आहे ना?’

मुद्दा खरा आहे. दत्तकातली गुप्तता सगळीच काही बाईच्या भल्यासाठी नसते, बरीचशी समाजाच्या सोयीसाठी असते. पण काशीबाईंचं नाव घेतल्यानं आज कोणाच्या घरात भांडण होत नाही. या प्रकरणातली बाई बहुधा पन्नाशीच्या आत-बाहेर असेल, जिवंत असेल, तिला नवरा, मुलं, कदाचित सुनाही असतील. तालुक्याच्या गावी पहिलं नाव, वय आणि साल एवढं पुरतं.

अडचण अशी होती की इथे एकाच गोष्टीवर तिघींचा हक्क होता. एकीला विचारता येत होतं पण विचारलं नव्हतं, एकीला विचारायची सोय नव्हती, आणि तिसरी मंचावर उभी राहणार होती.

समोर असलेले पर्याय

संहिता आहे तशी करणं हा एक. अभिनेत्री सज्ञान, त्यामुळे स्वतःची ओळख उघड करायला तिला कायद्याची आडकाठी नाही. दत्तक नियमावलीतलं गोपनीयतेचं बंधन मुख्यतः संस्था आणि यंत्रणांवर आहे. खटला होईल अशी भीती घालून मी तिला अडवू शकले असते, पण ते खोटं ठरलं असतं.

सगळं काल्पनिक करणं हा दुसरा. पात्राला वेगळं नाव, वेगळं गाव. निर्मात्याला हा पसंत होता. दिग्दर्शकानं तो पाच मिनिटांत फेटाळला, आणि मलाही तो पटला नव्हता. कलम १२ चा प्रसंग ‘एका पात्रा’नं केला तर त्यात राहतं काय? समोरची बाई खरोखर हेच जगते आहे, हे माहीत असल्यामुळे तो विनोद अंगावर येतो.

प्रयोग पुढे ढकलून आधी मुळांचा, म्हणजे जन्मदात्यांचा शोध घेणं, हा पर्याय मी मांडला. नियमावलीनुसार अठरा वर्षांवरची दत्तक व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते. संस्था किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष जन्मदात्यांची संमती विचारतो. त्यांनी नाही म्हटलं किंवा ते सापडलेच नाहीत, तर मूल कोणत्या परिस्थितीत सोपवलं गेलं ते अर्जदाराला सांगितलं जातं. तिऱ्हाइताला असा शोध घेता येत नाही, आणि दत्तक व्यक्तीच्या हक्कानं जन्मदात्यांच्या खासगीपणावर गदा येता कामा नये, हे तिथे स्पष्टच म्हटलं आहे. अभिनेत्रीनं विचारलं, ‘म्हणजे नाटकाला मालमसाला हवा म्हणून मी अर्ज करायचा?’ तिचा हा प्रश्न माझ्या प्रस्तावापेक्षा शहाणपणाचा होता. प्रयोगाची तारीख डोक्यावर असताना केलेला शोध हा शोध राहत नाही.

दिग्दर्शकाचा पर्याय सगळ्यात नाट्यमय होता. ब्रिटिश कवी लेम्न सिस्से सांभाळणाऱ्या कुटुंबात आणि नंतर बालगृहांमध्ये वाढले. २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये त्यांच्याबद्दलचा मानसशास्त्रीय अहवाल एका अभिनेत्रीनं मंचावर वाचला आणि तो ते स्वतः प्रेक्षकांसोबत पहिल्यांदाच ऐकत होते. तसंच इथेही एखाद्या पाहुण्या कलाकारानं आईची न वाचलेली पत्रं मंचावरच फोडावीत, असं त्याचं म्हणणं. ऐकताना मलाही मोह झाला. पण सिस्से यांचा अहवाल सिस्से यांच्याबद्दल होता आणि धोका पत्करणारेही तेच होते. इथे पत्रं आईची, जोखीम तिची आणि टाळ्या दुसऱ्यांना.

शेवटी आम्ही ज्या वाटेनं गेलो ती नाव देण्याइतकी नीटस नव्हती. प्रत्येक कागदाला वेगळं विचारायचं: हा कोणाचा? जो विचारता येण्याजोग्या माणसाचा, त्या माणसाला विचारायचं. जो विचारता न येणाऱ्या माणसाचा, त्याबद्दल कमीत कमी बोलायचं.

काय केलं, आणि कुठे अडलं

पहिला निर्णय जोडपत्राचा, आणि तो नीतीपेक्षा कारभाराच्या मुद्द्यावर झाला. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. म्हणजे मंचावर ऐनवेळी नाव गाळलं तरी छापील प्रत कार्यालयात राहणार, तालमीच्या प्रती कलाकारांच्या आणि तंत्रज्ञांच्या पिशव्यांत फिरणार. हे कळल्यावर अभिनेत्री बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘त्या क्लार्कनं एक पान शाई न फिरवता सोडलं, आता मी त्याच्या झेरॉक्स काढायला निघालेय.’ संहितेतून नाव आणि तालुका गेला. प्रोजेक्टरवर पान राहिलं, पण तिनं स्वतःच्या हातानं त्यावर काळी शाई फिरवलेलं. प्रयोगात ती शाई प्रेक्षकांसमोर फिरवते. मूळ अक्षरं मात्र पडद्यावर कधीच येत नाहीत, कारण शाईखाली कोरा कागद असतो. हे प्रेक्षकांना सांगायचं की नाही यावर दिग्दर्शक आणि तिचं वाजलं. सांगत नाहीत.

संस्थेनं ठेवलेल्या नावाचंही तसंच. ते अहवालात आहे आणि ते कळलं तर संस्थेतल्या जुन्या नोंदींपर्यंत पोचता येतं. इथे बारसं कामी आलं. वरवंटा घ्यायला जी प्रेक्षक बाई पुढे येते, तिच्या कानात अभिनेत्री ‘कुर्र’ करते. काय सांगितलं ते बाकीच्यांना ऐकू येत नाही. (ती नाव सांगत नाही, दुसरंच काहीतरी सांगते. काय ते मला माहीत आहे, पण इथे नको.)

जन्मदात्रीच्या स्वगतावर मी हट्टानं बोलले. एरवी कलाकाराच्या मजकुरात मी नाक खुपसत नाही. पण रडणारी, फसवली गेलेली, गावंढळ बोलणारी कुमारी माता हे आपल्या रंगभूमीवरचं तयार पात्र आहे. शहरातली नटी साडी गुडघ्याच्या वर खोचून आली की प्रेक्षक रुमाल काढतात. मूल सोपवणाऱ्या बायका माझ्या कामात मला भेटल्या त्यांत कुमारी माता होत्या, तशा विधवा होत्या, नवऱ्यानं टाकलेल्या होत्या, चौथी मुलगी झालेल्या लग्नाच्या बायकाही होत्या. काही रडल्या, काही अजिबात रडल्या नाहीत. सोपवल्यावर विचार बदलायला आजच्या कायद्यानं साठ दिवस मिळतात, आणि त्या साठ दिवसांत येणाऱ्याही असतात, फोनही न करणाऱ्याही. यातली कोणती बाई हिची आई, हे हिला ठाऊक नव्हतं. तरी ती दहा मिनिटं तिच्या तोंडून बोलत होती. ज्या गोष्टीबद्दल तिची संस्थेवर, कोर्टावर तक्रार होती, तेच ती स्वतः त्या बाईशी करत होती. मी तसं म्हटलं. तिला राग आला, आणि पुढच्या तालमीला मला बोलावलं नाही. त्यानंतरच्या वाचनात स्वगत नव्हतं. त्या जागी दहा मिनिटांऐवजी वरवंट्याचा तो थरथरणारा हात आला होता. आधी तो प्रसंग जेमतेम अर्धा मिनिट होता. आता कोणी उठेपर्यंत ती थांबते.

सगळ्यात अवघड काम कोल्हापूरचं. संहिता आईबाबांसमोर वाचायची असं ठरलं. दिग्दर्शकाची तयारी नव्हती, ‘उद्या प्रत्येक नातेवाईक संहिता दुरुस्त करेल’ असं त्याचं म्हणणं, आणि ते अगदीच चुकीचं होतं असं म्हणता येणार नाही. तरी तो आला. जेवणं झाल्यावर, ज्या खोलीत दरवर्षी गोष्ट सांगितली जाई तिथेच वाचन झालं.

आम्ही पत्रांवरून वादळ होईल म्हणून तयार होतो. आईनं पत्रं शांतपणे ऐकली. अडली ती भलतीकडेच. संहितेत बाळ हातात घेताना आई रडते असं होतं. ‘मी रडले नव्हते,’ आई म्हणाली. ‘मी चिडले होते. तीन तास बाकावर बसवून ठेवलं होतं आम्हाला. आणि तुला ताप होता, तो कोणी सांगितला नव्हता.’ मग म्हणाली, ‘आणि पाऊस नव्हता. मे महिना होता. पाऊस ह्यांनी घातला.’

बाबा हसले. ‘पावसाशिवाय गोष्ट रंगत नव्हती,’ म्हणाले.

मुलीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पंचवीस वर्षं ती पावसात घरी आली होती. दत्तक समुपदेशनात आम्ही ‘खरं सांगा, लवकर सांगा’ असं पालकांना बजावतो, आणि या पालकांनी सांगितलंही होतं. पण कोणतंही घर खरं सांगताना त्यात थोडा पाऊस घालतंच. दिग्दर्शकानं तिथल्या तिथे वही काढली. आता नाटकात घरी येण्याचा प्रसंग दोनदा होतो: एकदा पावसात, आई रडते, एकदा मेच्या उन्हात, आई कोणावर तरी खेकसते आणि बाळ तापानं फणफणलेलं असतं. दुसरा प्रसंग आईच्या शब्दांत आहे.

बाबांनी एकच मागणं केलं. संहितेत त्यांच्या थोरल्या भावाचा उल्लेख होता. ‘रक्त कुठलं, जात कुठली’ म्हणून त्यानं दत्तकाला विरोध केला होता आणि काही वर्षं घरी येणं टाकलं होतं. ‘तो आता नाही. त्याची मुलं प्रयोगाला येतील, ती हिची भावंडं आहेत,’ बाबा म्हणाले. प्रसंग काढला. नाटकाचं त्यात नुकसान झालं असं दिग्दर्शक अजून म्हणतो, आणि इथे मी त्याच्या बाजूची आहे. जातीचा प्रश्न दत्तकात पहिल्या दिवसापासून असतो. दत्तक घेऊ पाहणारी जोडपी आम्हाला तो वेगवेगळ्या गोड शब्दांत विचारत असतात. काकाचं नातं न सांगता, फक्त वाक्य ठेवता आलं असतं. पण बाबांनी पंचवीस वर्षांत ही एवढीच गोष्ट मागितली होती, आणि मुलीनं ती देऊन टाकली.

पत्रांबद्दल आई ‘वाच’ म्हणाली. तिथे मी एक गोष्ट आग्रहानं मांडली. पुस्तक एकदा छापलं की झालं. नाटक प्रत्येक वेळी नव्यानं होतं, वेगळ्या गावात, वेगळ्या माणसांसमोर. मग होकारसुद्धा प्रत्येक प्रयोगाला वेगळा घ्यायला हवा. संमतीपत्रावर सही घेऊन फाईल बंद करायची सवय आपल्याला संस्थांनी लावली आहे. इथे असं ठरलं की तारीख ठरवण्याआधी मुलीनं घरी फोन करायचा आणि गाव सांगून विचारायचं, ‘पत्रं ठेवू का?’ त्यासाठी पत्रांसह आणि पत्रांशिवाय अशा दोन आवृत्त्या बसवल्या. प्रकाशयोजना करणाऱ्या मुलानं कपाळाला हात लावला.

पुढे काय झालं

पुण्यातले प्रयोग छोट्या नाट्यगृहात, चांगल्या गर्दीत झाले. पहिल्या दोन प्रयोगांनंतर प्रेक्षकांशी चर्चा ठेवली होती. दोन्ही वेळा पहिला प्रश्न एकच आला: ‘मग आई सापडली का?’ सव्वा तास तिनं जे केलं ते जणू या प्रश्नाची प्रस्तावना होती. दुसऱ्या वेळी तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दिग्दर्शकानं मधेच चर्चा आटोपली. पुढे चर्चा बंद केली. त्याऐवजी प्रयोगानंतर बाहेर एक टेबल ठेवतात. ज्याला बोलायचं त्यानं तिथे एकट्यानं येऊन बोलायचं. तिथे मी बसते. येतात ते बहुतेक दत्तक पालक, त्यांतले काही मुलाला अजून सांगितलेलं नाही असं सांगायला आलेले. कॉलेजवयीन दत्तक मुलंमुली येतात ती मात्र टेबलापाशी थांबत नाहीत, थेट अभिनेत्रीला गाठतात आणि फोन नंबर घेऊन जातात. तेच बरोबर आहे.

‘सत्य घटनेवर आधारित’ हे शब्द जाहिरातीतून काढले. मोबाईलवर चित्रीकरणाला मनाई आहे, तरी एकानं कलम १२ च्या प्रसंगाचा तुकडा टाकलाच. त्याखाली आलेली मतं तिनं वाचली नाहीत, दिग्दर्शकानं वाचली आणि काही दिवस चिडचिडा होता.

कोल्हापूरच्या प्रयोगाला आईनं ‘पत्रं नकोत’ सांगितलं. शाळेतल्या जुन्या सहकारी येणार होत्या. दिग्दर्शकाला तो प्रयोग लंगडा वाटला. मला तसं वाटलं नाही. आईची पत्रं नसल्यावर खेकसणारी आई जास्त ठसठशीत दिसली. ज्या जिल्ह्यात संस्था आहे तिथून एका महोत्सवाचं बोलावणं आलं, मानधनही बरं होतं. तिनं नकार दिला. कारण विचारलं तेव्हा ‘तारखा जुळत नाहीत’ असं कळवलं.

नाटक स्थिरावल्यावर काही महिन्यांनी तिनं मुळांच्या शोधाचा अर्ज रीतसर केला. त्याचं उत्तर आलं आहे. ते नाटकात नाही, म्हणून इथेही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

आईबाबांना संहिता लिहून झाल्यावर नाही, लिहिण्याआधी विचारायला हवं होतं. मेचं ऊन आणि ताप सुरुवातीलाच मिळाले असते तर नाटकाची रचनाच वेगळी झाली असती, असं दिग्दर्शक आता म्हणतो. कलाकाराला भीती असते की विचारलं की बंदी येईल. या घरात आधी दुरुस्त्या आल्या, आणि त्यांतल्या बहुतेक नाटकाच्या फायद्याच्या ठरल्या. सगळीच घरं अशी नसतात हेही खरं. जिथे मुलाला दत्तक असल्याचं वादावादीत, लग्नाच्या वेळी किंवा शेजारणीकडून कळलं आहे, तिथे असं वाचन मी सुचवणार नाही.

अभिनेत्रीची काळजी घ्यायची व्यवस्था तोकडी होती. सगळ्यांचं लक्ष पुढच्या दाराकडे, प्रेक्षकांकडे. मागच्या दारानं ती रिक्षा पकडून एकटी घरी जात होती आणि पहाटेपर्यंत जागी असायची, हे फार उशिरा कळलं. स्वतःचीच गोष्ट रोज नव्यानं सांगताना ती घासून गुळगुळीत होते, आणि गुळगुळीत झाली याचंही वाईट वाटतं. तिसऱ्या-चौथ्या प्रयोगानंतर ‘आज मला काहीच वाटलं नाही, मी खोटी आहे का?’ असा तिचा निरोप आला होता. असं काम करणाऱ्या गटानं पहिल्या तालमीपासून कोणीतरी एक माणूस फक्त कलाकारासाठी ठेवावा, आणि तो दिग्दर्शक नसावा.

जोडपत्राची गोष्ट संस्थेच्या कानावर घालायला हवी होती का? एका मुलीच्या फाईलमध्ये राहिलं ते आणखी कोणाच्या फाईलमध्ये राहिलं असेल. माझं मत ‘हो’ असं आहे. पण ते पान तिचं आहे. संस्थेला कळवलं तर ते परत मागतील अशी तिला भीती वाटते आणि ती निराधार नाही. हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

आणि एक नवीनच प्रश्न आला आहे. मुंबईतल्या एका महाविद्यालयाच्या मुलांनी एकांकिका स्पर्धेसाठी या नाटकाच्या संक्षिप्त आवृत्तीची परवानगी मागितली. त्यांची नटी दत्तक नाही. कलम १२ चा प्रसंग तिनं केला तर तो खोटा ठरेल का, यावर आमचं एकमत झालं नाही. दिग्दर्शक म्हणतो की मग हॅम्लेटही डेन्मार्कच्याच माणसानं करावा. अभिनेत्रीनं पाळणा, वरवंटा, दोन्ही कलमं दिली. मंचावर फिरवायची शाई दिली नाही. पत्रांसाठी नेहमीप्रमाणे कोल्हापूरला फोन गेला. आई म्हणाली, ‘तू वाचतेस ते वेगळं. बाकी कोणी वाचायची नाहीत,’ आणि परवानगीच्या कागदावर तेवढं एक वाक्य वाढवून तो मुंबईला पाठवला.